छावणीत न आलेली माणसं: पुरात वृद्धांपर्यंत आणि अपंगांपर्यंत मदत कशी पोहोचवायची

शिरोळ तालुक्यातल्या, पंचगंगेकाठच्या एका गावच्या तरुण मंडळाने प्रश्न पाठवलाय. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात मंडळाने शाळेत छावणी चालवली. धान्य, कपडे, औषधं, कशाचीही टंचाई पडली नाही. पण पाणी ओसरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की गावातली बरीच म्हातारी माणसं आणि अपंग छावणीत आलेच नव्हते. कुणी माळ्यावर बसून होतं, कुणी शेजारच्या दुमजली घरात. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी वेगळी छावणी काढावी का, आणि साहित्य काय काय जमवून ठेवावं, असं मंडळ विचारतंय.

आधी सरळ उत्तर देते. वेगळी छावणी नको. साहित्याचा विचार सगळ्यात शेवटी करा. पाऊस लागायच्या आधी करायचं काम एकच आहे: नावानिशी यादी. यादीत प्रत्येक नावापुढे लिहिलेलं हवं, की या माणसाला कोण हलवणार, कशातून हलवणार आणि नदी किती फुटांवर असताना हलवणार. एवढं झालं की छावणीत काय लागेल ते यादीच सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट. अपंगांच्या पुनर्वसनाच्या कामातून पूर-भूकंपाच्या कामात आले आणि तिथेच राहिले. मदतीचं वाटप कुठेही बघा, त्यामागे काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. माणूस चालत येईल, रांगेत उभा राहील, भोंग्यावरचं ऐकेल, कागद वाचेल, अंगठा देईल आणि पोतं उचलून घरी नेईल. यातलं एक जरी जमत नसेल, तरी तो गळतो. त्याला कुणी हाकललेलं नसतं, म्हणून तो कुणाच्या वहीत ‘राहिलेला’ म्हणून दिसतही नाही. वाटप शंभर टक्के झालं असं वही सांगते, कारण जो आलाच नाही तो मोजलाच गेला नाही.

हे आपल्याकडचंच आहे असं नाही. २०११ च्या त्सुनामीत जपानमध्ये जीव गमावलेल्यांत निम्म्याहून जास्त माणसं पासष्टीच्या पुढची होती, आणि अपंगांमधलं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट निघालं. नंतर छावण्यांत आणि स्थलांतराच्या हालात जे मृत्यू झाले, त्यात तर दहातली नऊ माणसं म्हातारी होती. जपानसारख्या, सराव करणाऱ्या, शिस्तीच्या देशात ही गत. त्यांनी त्यातून एक गोष्ट केली ती आपल्याला उचलता येण्यासारखी आहे: २०१३ मध्ये कायदा बदलून, ज्यांना हलायला मदत लागते अशांची यादी ठेवणं प्रत्येक नगरपालिकेला बंधनकारक केलं. २०२१ मध्ये पुढे जाऊन अशा प्रत्येक माणसाचा वेगळा स्थलांतर आराखडा करायचा प्रयत्न करणं हीही नगरपालिकांची जबाबदारी ठरवली.

आपल्याकडेही कायदा आहे, फक्त तो कुणी वाचत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ८ सांगतं, की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या अपंगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करायची. तेव्हा गावची यादी झाली की तिची एक प्रत तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तुम्ही उपकार मागत नाही आहात, त्यांचं काम सोपं करताय.

आता यादी कशी करायची. घरोघरी जाऊन “तुमच्यात कोण अपंग आहे का?” असं विचारू नका. गुडघ्याने अधू झालेली आजी स्वतःला अपंग समजत नाही, ती म्हणते, “वय झालं.” ऐकू कमी येणारा चाळिशीतला माणूस तर बायकोलाही कबूल करत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात अपंगांचं प्रमाण २.२१ टक्के निघालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा जगभराचा अंदाज १६ टक्क्यांचा आहे. चार हजार वस्तीच्या गावात पहिल्या हिशोबाने नव्वदच्या आतबाहेर माणसं, दुसऱ्या हिशोबाने सहाशेच्या वर. एवढी तफावत प्रामुख्याने प्रश्न कसा विचारला त्यातून येते.

त्यापेक्षा वॉशिंग्टन ग्रुपचे, म्हणजे अपंगत्वाची मोजणी कशी करायची ते ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाचे, सहा प्रश्न वापरा. जगभर मदतकार्यात तेच चालतात आणि विचारायला पाच मिनिटं लागत नाहीत. चष्मा लावूनसुद्धा दिसायला त्रास होतो का? यंत्र लावूनसुद्धा ऐकायला? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला, लक्ष लावायला? अंघोळ, कपडे असं स्वतःचं करायला? दुसऱ्याला आपलं म्हणणं कळवायला, दुसऱ्याचं समजून घ्यायला? प्रत्येकाला चारच उत्तरं: काही त्रास नाही, थोडा आहे, खूप आहे, अजिबात जमत नाही. एका जरी प्रश्नाला ‘खूप’ किंवा ‘अजिबात नाही’ आलं की नाव यादीत. ‘अपंग’ हा शब्दच येत नसल्यामुळे माणसं मोकळेपणाने सांगतात. घरातल्या कर्त्याला विचारून पुढे जाऊ नका, ज्याचं त्याला विचारा. सासूला काय जमत नाही ते सून एक सांगते आणि सासू दुसरंच सांगते, आणि बहुतेक वेळा सासूचं खरं असतं.

सरकारी याद्या हाताशी घ्याच: संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, स्वावलंबन कार्डवाले (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र असलेले). पण त्यांच्यावर विसंबू नका. निराधार आणि श्रावणबाळ यांना उत्पन्नाची अट असते. बागायतदाराची लकवा झालेली आई त्यात कशी सापडेल? खरी माहिती आशाताईंकडे आणि अंगणवाडी सेविकेकडे असते. कुठल्या घरात मागच्या खोलीत मतिमंद मुलगी आहे, कुणाचा मुलगा मानसिक आजाराची औषधं घेतो, हे त्यांना माहीत असतं. घरचे ते लपवतात, कारण धाकटीचं लग्न व्हायचं असतं. अशा घरात मंडळाची चार पोरं टी-शर्ट घालून गेली तर दार उघडणार नाही. बचत गटातल्या दोन बायका आशाताईंबरोबर जाऊ देत.

आणि ही यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. कळकळीने सांगते. ‘अमुक गल्लीत एकटी म्हातारी राहते, तिला दिसत नाही’ ही माहिती चोरालाही उपयोगी असते आणि त्याहून वाईट माणसालाही. कागदावर लिहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. एक प्रत पोलीस पाटलांकडे, एक आशाताईंकडे, एक तहसीलला. माणसाला विचारून, त्याच्या संमतीने नाव लिहा.

नोंद कशी असावी त्याचा एक नमुना देते: “आजी, ७८, एकट्या. काठीने चालतात, पायऱ्या उतरता येत नाहीत. इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या बाजूने बोलावं. एक म्हैस, एक रेडकू. लेक जयसिंगपुरात, फोन नंबर घरी भिंतीवर लिहिलाय. न्यायला शेजारचा पोरगा, तो नसेल तर त्याची आई. ट्रॅक्टर नको, जीप. इशारा पातळीला हलवायचं.” एवढंच, पण यातली प्रत्येक ओळ कामाला येते. आजारांची नावं लिहिली आणि हे लिहिलं नाही, अशी यादी निरुपयोगी.

‘इशारा पातळीला हलवायचं’ यावर थोडं थांबते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त जीव इथेच वाचतात. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. गावं साधारण धोका पातळी ओलांडल्यावर हलायला लागतात. धडधाकट माणसाला ते चालून जातं. ज्याला चौघांनी उचलावं लागतं, त्याच्यासाठी तोवर उशीर झालेला असतो, कारण रस्ता पाण्याखाली, रात्र, पाऊस आणि एकच होडी. म्हणून यादीतली माणसं ३९ फुटांना हलली पाहिजेत. रस्ता कोरडा असतो, जीप दारापर्यंत येते, औषधांची पिशवी भरायला वेळ मिळतो, आणि मुख्य म्हणजे माणूस आपल्या पायाने, आपल्या मनाने निघतो. तुमच्या गावाच्या जवळचा बंधारा वा पूल वेगळा असेल तर तिथली पातळी धरा. पाणी चढलं नाही आणि परत यावं लागलं, तर लोक हसतील. हसू देत. आधीच बोलून ठेवा की असं एखाद-दोन वेळा होणारच.

तरी माणसं निघत नाहीत. का निघत नाहीत हे नीट समजून घ्या, हट्टी म्हणून सोडून देऊ नका. आपल्या भागात पहिलं कारण म्हणजे जनावरं. म्हशी कुणाच्या भरवशावर ठेवायच्या? मग घरातली बायका-पोरं छावणीत जातात आणि मागे म्हातारा राहतो, कारण त्याचं काय होणार आता. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून तो दावी सोडत असतो. जनावरांच्या छावणीची सोय माणसांच्या छावणीजवळ आणि माणसांच्या आधी झाली, तर निम्मी म्हातारी माणसं वाद न घालता येतात. वृद्धांच्या मदतीत मी चाऱ्याची सोय पहिली धरते, लोक चकित होतात.

दुसरं कारण म्हणजे २००५. गावात प्रत्येक भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण होती, आणि म्हाताऱ्यांचं म्हणणं एकच, “पाच सालीसुद्धा पाणी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं.” २०१९ ला पाणी त्या खुणेच्या वर गेलं. त्यांचं ज्ञान खरं होतं. पाणी कुठल्या ओढ्याने आधी शिरतं, कुठला रस्ता पहिला तुटतो, हे आजही त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. म्हणून आराखडा करताना त्यांना बरोबर घ्या, नकाशा त्यांच्याकडून काढून घ्या, आणि त्याच बैठकीत २०१९ ची खूण दाखवून बोला. छावणीत बोलावायला गेल्यावर पाण्यात उभं राहून हा वाद घालता येत नाही.

तिसरं कारण माणसं तोंडाने सांगत नाहीत. छावणीत संडासचं कसं होईल, ही ती भीती. त्याकडे येते.

आधी होडीचं. एवढं करूनही कुणाला होडीने काढायची वेळ आली, तर पहिला नियम: उचलण्याआधी त्यालाच विचारा, तुला कसं उचलतात? वर्षानुवर्षं चाकाच्या खुर्चीत असलेल्या माणसाला आपलं शरीर कसं हलवायचं ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं. काखेत हात घालून ओढू नका, लकवा झालेल्या बाजूचा खांदा असा ओढला की निखळतो. पाठीच्या कण्याला इजा असलेल्याला पायात जाणीव नसते, होडीच्या पत्र्यावर पाय घासून सोलून निघाला तरी त्याला कळत नाही. पायाखाली गोधडी टाका. लाइफ जॅकेट आधी चढवा, मग उचला. आणि कुणालाही खुर्चीला किंवा होडीला बांधू नका, अगदी तोल जात असला तरी. होडी कलंडली तर बांधलेला माणूस बुडतो. तोल जात असेल तर मागे एक धट्टाकट्टा माणूस बसवा आणि त्याच्या छातीशी टेकवा. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये जादा माणसं भरलेली होडी उलटली ते सगळ्यांना आठवत असेल. म्हणून अशा फेरीला माणसं कमीच घ्यायची, कुणी कितीही घाई केली तरी.

चाकाची खुर्ची, कुबड्या, कॅलिपर, काठी, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र माणसाबरोबरच त्याच होडीतून. ‘सामान नंतर आणू’ म्हणतात तेव्हा खुर्चीही सामानात धरली जाते. खुर्ची मागे राहिली की जो माणूस घरी स्वतःचं स्वतः करत होता, तो छावणीत पूर्ण परावलंबी होतो.

आता छावणी. वेगळी का नको ते सांगते. म्हाताऱ्या माणसाचं पथ्यपाणी, गोळ्या, रात्रीचं उठणं हे सगळं सुनेला, लेकीला किंवा शेजारणीला माहीत असतं. वेगळं काढलं की ती माहिती तुटते. मंडळाचा स्वयंसेवक कितीही चांगला असला तरी तो ते भरून काढू शकत नाही. आजोबा-आजींपैकी एकच ‘वेगळ्या’ छावणीत गेल्याची उदाहरणं आहेत, दोघंही अन्नावरची वासना गमावतात. त्यामुळे त्याच शाळेत तळमजल्यावरचा, संडासाला सगळ्यात जवळचा वर्ग राखून ठेवा, कुटुंबासकट.

याला अपवाद आहेत. डायलिसिसवर असलेला, ऑक्सिजनवर असलेला, दिवस भरत आलेली बाई. यांना शाळेत आणूच नका. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागतं, आणि रस्ते तुटले की तुमचा तालुका मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर तिन्हीकडून तुटतो. नदी इशारा पातळीला पोहोचायच्या आधीच त्यांची त्या गावांत नातेवाइकांकडे किंवा दवाखान्याजवळ सोय लावा.

संडास. मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे वीस माणसांमागे एक लागतो. शाळेत तो बहुधा मैदानाच्या पलीकडे असतो, वाट चिखलाची, दिवा नाही, उकिडवं बसायचं. अशा छावणीत एक आजी दोन दिवस निजून होत्या. ताप होता, बोलणं असंबद्ध होतं, सगळे म्हणाले वयामुळे भ्रम झालाय. सूनबाईंना बाजूला घेऊन विचारल्यावर कळलं, की आजी आल्यापासून पाणीच पीत नव्हत्या. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागेल, जायला दोघांचा आधार घ्यावा लागेल, आणि ते दोघे म्हणजे गावातली पोरं. लघवीचा संसर्ग झाला होता. औषध दिलं, पण खरा इलाज वर्गाच्या कोपऱ्यात साडीचा आडोसा आणि त्यामागे एक खुर्ची हा होता. छावणीत एखादं म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं, तर ‘वय’ म्हणून सोडू नका. पाणी किती प्यायलं, लघवी कधी झाली, कुठली गोळी चुकली, एवढं विचारा आणि डॉक्टरांना दाखवा.

ती खुर्ची विकत आणायची गरज नाही. हात असलेली जाड प्लॅस्टिकची खुर्ची घ्या, बसायच्या जागी करवतीने अंडाकृती भोक पाडा, कडा सायकलच्या जुन्या ट्यूबने गुंडाळून घ्या म्हणजे कापत नाही, खाली झाकणाची बादली ठेवा. खुर्चीचे पाय फाकतात का ते आधी एखाद्या जड माणसाला बसवून बघा. संडासापर्यंत दोन्ही बाजूंना बांबू रोवून दोरी बांधा. ती अंधाला वाट दाखवते आणि बाकीच्यांना घसरू देत नाही. दिवा हवाच. बायकांच्या बाजूला कडी आतून लागली पाहिजे. अपंग मुलीला संडासाला कोण नेतं यावर एका जबाबदार बाईचं लक्ष हवं, छावणीत गर्दीचा फायदा घेणारे असतात.

पायऱ्यांसाठी उतरंड करायची तर १ ला १२ हा हिशोब धरा. एक फूट उंचीला बारा फूट लांब. लोक चार फुटांची फळी टाकतात आणि ‘रॅम्प केला’ म्हणून फोटो काढतात. त्यावरून खुर्ची खाली घरंगळते. जागा नसेल तर फळी नको, खुर्ची उचलणारे दोघे नेमा, त्यात कमीपणा काही नाही.

झोपायला खाट मागून आणा. गुडघे गेलेल्या माणसाला जमिनीवरून उठता येत नाही, म्हणून तो उठतच नाही, आणि मग चार दिवसांत चालणंही जातं. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्या. ओल्या गादीवर बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) लवकर होतात आणि पूर ओसरल्यावर महिनोन्‌महिने पुरतात.

खाण्याबद्दल फार सांगत नाही. बाहेरून येणारी बिस्किटं, फरसाण, वाळलेल्या चपात्या दात नसलेल्याला आणि साखरेच्या रुग्णाला चालत नाहीत. एका पातेल्यात मूगडाळीची आसट खिचडी वेगळी काढा, मीठ बेताचं. रांग लावायचीच असेल तर यादीतल्यांना जागेवर द्या, आणि टेम्पो हमरस्त्यावर थांबून माल वाटत असेल तर तो आत गावात आणवा. रस्त्यावर जे वाटलं जातं ते पाय असलेल्यांना मिळतं. कपड्यांत लुगडी ठेवा. नऊवारी नेसणाऱ्या बाईला गाऊन दिला तर ती ओल्या लुगड्यात बसून राहते. मोठ्यांचे डायपर थोडे ठेवा, पण जुन्या सुती साड्यांच्या घड्या जास्त लागतात.

औषधांची तयारी घरात व्हायला हवी. चिठ्ठीचा फोटो नातेवाइकाच्या फोनमध्ये, पंधरा दिवसांच्या गोळ्या झिपच्या पिशवीत. फिटच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर फार वाईट होतं. या गोळ्या तालुक्याच्या दुकानातही लगेच मिळत नाहीत, म्हणून आरोग्य केंद्राला आधी कळवा. इन्सुलिनला फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात बाटली, वर ओलं फडकं. बर्फावर थेट ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. कानाच्या मागे बसणाऱ्या यंत्रांना बहुधा ६७५ किंवा १३ नंबरचे सेल लागतात, दोन पाकिटं आणून ठेवली तर चार माणसं पुन्हा बोलती होतात.

ऐकू न येणाऱ्याला दवंडी काय आणि भोंगा काय, दोन्ही सारखेच. नावापुढे लिहा की याला प्रत्यक्ष जाऊन सांगायचं, आणि कोण जाणार तेही. तरुण असेल तर मेसेज, पण फोन चार्ज असेल तरच. छावणीत फळ्यावर मोठ्या अक्षरात जेवणाची वेळ, डॉक्टरांची वेळ, पाण्याची पातळी लिहीत जा. ऐकू येणाऱ्यांनाही तेच बरं पडतं. स्वमग्न किंवा मतिमंद मुलाला गर्दी आणि भोंगा सहन होत नाही, ते पळतं. एक शांत कोपरा द्या, त्याची ओळखीची चादर-खेळणं असू द्या, आणि सदऱ्याच्या आतून घरच्यांचा फोन नंबर शिवा.

पाणी ओसरल्यावर स्वयंसेवक घरी जातात, आणि या माणसांचं खरं अवघड तेव्हा सुरू होतं. पंचनाम्याला तलाठी येतो त्या वेळी घराला कुलूप असतं, कारण आजी लेकीकडे. अनुदान खात्यावर येतं, पण बोटांचे ठसे झिजलेले, यंत्र ‘जुळत नाही’ म्हणतं. पासबुक भिजलेलं, अपंगत्वाचा दाखला वाहून गेलेला. २०१९ ला तातडीच्या मदतीतला पाच हजारांचा भाग रोख दिला गेला, तो या लोकांना सगळ्यात आधी उपयोगी पडला. मंडळाने एक काम अंगावर घ्यावं: यादीतल्या प्रत्येक घराच्या पंचनाम्याला आपला एक माणूस हजर ठेवायचा, आणि बँकेच्या माणसाला गावात एका ठिकाणी बोलावून हे ठशांचे, खात्यांचे घोळ एकदम निस्तरायचे. गाळ काढायलाही यादी हातात घेऊनच निघा. एकट्या म्हातारीचं घर शेवटी राहतं, तेव्हा मंडळातली पोरंही थकलेली असतात.

पैशाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामपंचायतीत तो बऱ्याचदा वर्षअखेरीला घाईने वाटून संपवतात. ग्रामसभेत ठराव आणून त्यातून खाटा, खुर्च्या, शाळेच्या संडासाची दुरुस्ती, कायमची उतरंड करून घ्या. छावणीच्या एकूण खर्चात वाट-संडास सोयीचे करायला ०.५ ते १ टक्का आणि खास साहित्याला ३ ते ४ टक्के धरावेत, असं आंतरराष्ट्रीय मानकांत सुचवलेलं आहे. लाखाच्या छावणीत जास्तीत जास्त पाच हजार. हे ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा. चाकाच्या खुर्च्या आणि त्यांच्या दुरुस्तीबद्दल कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी सुरू केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था आहे, तिथे अनुभवी माणसं आहेत, जाऊन भेटा.

आणि मंडळाच्या पूर समितीत किमान दोन अपंग आणि दोन साठीच्या पुढची माणसं घ्या, त्यात बायका असू द्या. शोभेला नको, होडीचा क्रम आणि छावणीची जागा त्यांनी ठरवावी. बांगलादेशात गाइबांध्याच्या पूरपट्ट्यात वर्षानुवर्षं अपंगांचे गट हे काम स्वतः करतायत. जपानमधल्या होक्काइदोतल्या उराकावात मानसिक आजार असलेली माणसं त्सुनामीचा सराव आधीपासून करत होती, आणि २०११ ला ती शांतपणे, वेळेत वर चढली.

सराव मे महिन्यात, दिवसा, आणि यादीतल्या खऱ्या माणसांना घेऊन करा. मंडळातल्याच एखाद्या पोराला खुर्चीत बसवून केलेला सराव उपयोगाचा नाही, कारण तो अडचणीच्या जागी पटकन उठून उभा राहतो. घड्याळ लावा, दारापासून शाळेच्या वर्गापर्यंत किती वेळ लागला ते त्या माणसाच्या नावापुढे लिहा. पाच-सहा घरं झाली की तुम्हाला कळेल एका जीपला किती फेऱ्या आणि किती तास लागणार, आणि ३९ फुटांना निघणंही पुरेसं आहे की आणखी आधी निघावं लागेल. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८, ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हे नंबर यादीच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून टाका.